दोन गोळ्यांमधला पूल

बारकीला घरी आणि प्रयोगशाळेतही सगळे बारकीच म्हणत, ती बारीक राहिली नव्हती तरी. तिचं काम होतं एका प्रथिनाचा नकाशा काढायचं. पेशी हे प्रथिन बाहेर सोडते आणि ते शेजारपाजारच्या पेशींना निरोप पोचवतं. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी. तिच्यावर ठिकठिकाणी गंधकाचे अणू असतात. ते दोन-दोन करून एकमेकांना घट्ट धरतात, तेव्हा कुठे साखळीला आकार येतो. कोण कोणाला धरून बसलंय, हे बारकीला शोधायचं होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या मते त्यात शोधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी ऐन उमेदीत लिहून ठेवलं होतं की साखळीचे दोन वेगळे गोळे होतात आणि ज्या-त्या गोळ्यातल्या गाठी ज्या-त्या गोळ्यात. "शेजारी आहेत, पण बोलणं बंद!" असं ते दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगत आणि स्वतःच हसत.

बारकीनं एन्झाइम घालून साखळीचे तुकडे केले आणि वजनाच्या यंत्रात सोडले. जे दोन तुकडे कापूनही जोडीनंच वजनाला येतात ते एकमेकांना बांधलेले, असा सरळ हिशोब. जवळजवळ सगळ्या जोड्या सरांच्या म्हणण्याप्रमाणे निघाल्या. एक मात्र पहिल्या गोळ्यातून थेट दुसऱ्यात गेली होती, जणू दोघांमधला पूल.

निकालाचा कागद घेऊन बारकी सरांच्या खोलीत गेली.

"गाठी सुटून भलतीकडे बसल्या असतील," सर मान वर न करता म्हणाले. "नमुना अल्कलीत ठेवला की होतं तसं. आम्लात करा."

तिनं आम्लात केलं. पूल जागच्या जागी, उलट आणखी ठसठशीत.

"मग यंत्र बिघडलंय."

यंत्र तपासणारा येऊन गेला. यंत्राची तब्येत ठणठणीत होती. त्यानं जाताना, आवाज कुठून येतोय म्हणून सरांच्या खोलीकडे पाहिलं. आत सर स्वतःशीच वाद घालत होते.

"मी स्वतः करतो," त्यांनी बाहेर येऊन जाहीर केलं.

सरांनी पिपेटला हात लावून कैक वर्षं झाली होती. पांढरा कोट पोटापाशी येऊन अडला. "माझा चष्मा?" "डोक्यावर आहे, सर." पहिल्यांदा पिपेटमध्ये नुसती हवा आली, दुसऱ्यांदा नमुना आला आणि टेबलावर सांडला. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा त्यांनी असं काही वळून पाहिलं की बारकीला टाळ्या वाजवाव्या लागल्या. मग आपल्या तरुणपणची कृती त्यांनी तंतोतंत पाळली. म्हणजे नमुना अल्कलीत, चांगला उबेत आणि भरपूर वेळ.

निकाल आला. इस्त्रीवाल्यानं साऱ्या गल्लीचे कपडे एकमेकांत मिसळून द्यावेत, तशी गत. प्रत्येक तुकडा दुसऱ्या प्रत्येकाला बांधलेला. अल्कलीनं गाठी भलतीकडे बसवल्या होत्या, सरांनीच सांगितलं होतं तशा.

"आमच्या वेळी असं नव्हतं हो," सर पुटपुटले. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमचा पूल खरा असेल तर तो तोडल्यावर काहीतरी कोसळायला हवं. तोडा आणि दाखवा."

बारकीनं जनुकात बदल करून त्या जोडीतले दोन्ही गंधक काढून टाकले, पेशी वाढवल्या आणि त्यांच्या भोवतालचा द्रव तपासला. प्रथिन असेल तिथे फोटोत पट्टी उमटते. न बदललेल्या प्रथिनाची जाड काळी पट्टी दिसली. पूल तोडलेल्या प्रथिनाची जागा कोरी. पेशी फोडून पाहिल्या, तर ते सगळं आत साठलेलं. आकार बिघडला म्हणून पेशीनं त्याला दारातून बाहेरच पडू दिलं नव्हतं!

तेवढ्यात आईचा फोन आला. "काय गं, झालं का तुझं? काय निघालं?"

"काहीच निघालं नाही, आई! अजिबात काही नाही!"

"मग हसतेस काय?"

"अगं, निघालंच नाही म्हणून तर!"

पलीकडे आईचा दबका आवाज आला, "अहो, पोरगी कामातून गेली. तुम्ही बोला जरा."

सरांनी पट्ट्यांचा फोटो उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. "कोऱ्या जागेत नमुना घातला होता ना?"

"घातला होता. त्याच रांगेत बाकीची प्रथिनं दिसतायत बघा."

"म्हणजे बिचारं आतच अडकलं." ते खुर्चीत बसले. "चुकलं माझं चित्र. परिषदेत तुम्हीच बोला. मी उभा राहिलो की तोंडातून जुनंच बाहेर पडेल."

परिषदेत बारकी बोलली. भाषण संपतंय न संपतंय तोच पहिला हात वर गेला, सरांचा. गाठी भलतीकडे बसल्या नसतील कशावरून? तिनं उत्तर दिलं. यंत्राचं काय? तेही दिलं. पेशीच आजारी असतील तर? बारकीचे कान तापले, पण उत्तर तयार होतं. सर काही खाली बसेनात.

शेवटी अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "तुम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेतले ना? मग तिकडे जाऊन भांडा की! आणखी कोणाला काही विचारायचंय?"

सभागृहात कोणीच हात वर केला नाही. सरांनी विचारण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. सर खाली बसले आणि शेजारच्या माणसाला मोठ्यानं म्हणाले, "कशी बोलली, पाहिलंत ना?"