न चुकण्याचा नेम

मित्रांनो, मी एक म्हातारी माकडीण. माझा जन्म प्रयोगशाळेतला. झाड मी फक्त खिडकीतून पाहिले आहे.

माझे काम सोपे होते. पडद्यावर दोन चित्रे उमटायची. बरोबर चित्राला बोट लावले की नळीतून एक द्राक्ष घरंगळत यायचे. "आमची पोर हुशार आहे हं!" असे बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. बाई मेंदूचा अभ्यास करतात. त्यांचे वरिष्ठ म्हणजे सर.

मग मला पिल्लू झाले. ते अंगावर पीत असतानाच सरांनी ओढून नेले आणि समोरच्या काचेपलीकडे पिंजऱ्यात ठेवले. ते रडताना मला दिसावे, म्हणून.

"सर, एवढंसं आहे हो ते," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर! राग आणि विचार यांचं कधी पटत नाही, बाई. एक आला की दुसरा पळतो."

त्या दिवशी माझे बोट चुकले. सर टाळी वाजवून हसले. "बघा! अक्कल गेली चरायला!"

माझी चूक हाच त्यांचा खाऊ आहे, हे मला तेव्हा कळले. मी नेम धरला. सकाळी पाण्याला तोंड लावण्याआधी ते हसू आठवायचे, मग कामाला बसायचे, आणि चुकायचे नाही. पिल्लू जितके रडे, तितके माझे बोट नेमके पडे. द्राक्षे मी लगेच गिळत नसे. गालांच्या पिशव्यांत साठवून ठेवी.

पाहुण्यांना प्रयोग दाखवायचा दिवस उजाडला. सरांनी पिल्लाचा पिंजरा गदागदा हलवला. ते किंचाळले. माझ्या अंगावरचे केस ताठ उभे राहिले, बोट मात्र ढळले नाही.

"अहो, ही तर चुकतच नाही," एक पाहुणे म्हणाले.

"थांबा, अजून चिडवतो," म्हणत सर माझ्या गजांपाशी वाकले, आणि गालांतली सगळी द्राक्षे मी त्यांच्या चष्म्यावर थुंकली.

हशा ओसरल्यावर बाईंनी मेंदूचा प्लास्टिकचा नमुना उघडला. "ही आत खोलवर बदामाएवढी गाठ. भीती, राग इथे जागे होतात. कपाळामागचा हा भाग बेत आखतो. दोघांना हे तंतू जोडतात आणि निरोप दोन्हीकडून जातात. माकडात तसंच, माणसातही. हिचा राग हिच्या विचाराला धार लावतोय, सर. पिल्लू परत द्या."

चारचौघांत सरांना नाही म्हणता आले नाही.

पिल्लू आले, पण पाठ फिरवून कोपऱ्यात बसले. माझा वास ते विसरले होते. पुन्हा कुशीत शिरायला त्याला फार दिवस लागले.

मित्रांनो, मुक्या जिवाला दुखवाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा, की त्याची माया आणि त्याची अक्कल एकाच दोराने बांधलेली असते. क्षमा मोठी, असे म्हणतात. असेलही. सर पिंजऱ्यासमोरून जातात तेव्हा आता माझ्याआधी पिल्लूच दात विचकते. मी त्याला आवरत नाही.