पलीकडच्याला बोट दिसत नाही

मंगळवारी दुपारी चार वाजता माझी घंटा वाजली. जर्मनीच्या साहेबांचा फोन होता. आमच्याकडून गेलेल्या पंपाच्या काही कास्टिंगना, म्हणजे ओतीव भागांना, तडे गेले होते.

मित्रांनो, मी एक जुना स्पीकरफोन आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत, बैठकीच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. नवा होतो तेव्हा मालक विजयसिंहदादा पाहुण्यांना मला कौतुकानं दाखवत. पुढे भिंतीवर व्हिडिओ कॉलचा मोठा पडदा आला आणि माझ्या जाळीत साच्यांची काळी वाळू साचत गेली. जर्मन साहेबांना पडद्यावर यायला आवडत नाही, म्हणून मी टिकलो.

या खोलीत इंग्रजी बोटानं बोललं जाई. नमुने टेबलावर मांडायचे आणि बोट दाखवत म्हणायचं, "धिस इज गुड, दॅट इज बॅड." पलीकडून प्रश्न येई, "विच वन?" मग सगळे तेच आणखी मोठ्यानं सांगत आणि बोटही जोरात नाचवत.

तपासणी विभागात भैरवी आली. ती नमुन्यांवर खडूनं आकडे घाली आणि बोलताना दर वेळी आकडा सांगे.

"पाढं म्हणतीस व्हय गं?" दादा हसत.

"त्यांना आपलं बोट दिसत न्हाय की, दादा."

त्या मंगळवारी साहेबांनी विचारलं, पुढच्या गाडीतला माल तपासला का? पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून दादांनी बटण दाबून माझा आवाज बंद केला.

"चेक्ड म्हण. सांजपर्यंत करतोयच की."

"निम्मा माल तसाच पडलाय, दादा."

"अगं, ऑर्डर जाईल हातची! दीडशे माणसं हाईत पदरी."

"आणि तिथं जाऊन फुटलं तर?"

भैरवीनं बटण पुन्हा दाबून आवाज सुरू केला. "वुई आर स्टिल चेकिंग, सर. वुई हॅव नॉट फिनिश्ड."

मग साहेब म्हणाले, तपासणी पुरी झाली की हिनंच फोन करावा. ऑर्डरचं त्यानंतर ठरेल.

मित्रांनो, समोर नसलेल्या माणसाजवळ आपल्या शब्दांखेरीज काही नसतं. म्हणून कशाबद्दल बोलता ते नाव घेऊन सांगा. झालेलं तेवढंच झालं म्हणा. चाललेलं चाललंय म्हणा.

आज सकाळी तपासणी संपली. तडे गेलेले आणखी चार नग निघाले. भैरवीनं नंबर लावला आहे. दादा शेजारी खुर्ची ओढून बसले आहेत.

"तूच सांग," ते म्हणाले, "मी गप बसतो."

पलीकडे रिंग वाजते आहे.