काठवटीतली काकडी

मी एक जुनी काठवट आहे. निपाणीच्या एका सुताराने बाभळीच्या अखंड लाकडातून मला कोरलं. चाळीस वर्षं चंपाबाईंनी माझ्यात ज्वारीचं पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या. आणि आज, मित्रांनो, माझ्यात काकडी ठेवतात. काकडी, चीज आणि कसलीशी पानं. वर फोटो काढतात. हसू नका, मला राग येतो.

चंपाबाई आणि त्यांचे यजमान आप्पाजी बेंगळुरूला मुलाकडे राहायला आले, तेव्हा मी लुगड्यांच्या गाठोड्यातून आले. सर्जापूर रोड, अकरावा मजला. पहिले चार महिने बरे गेले. शेजारच्या धनलक्ष्मी अक्का गरम भाकरी खाऊन "स्वल्प अजून" म्हणायच्या. मग मुलाने, अभिजीतने, भात-पोळी सोडून चौदा किलो वजन उतरवलं. त्याला ते मानवलं, खोटं कशाला बोलू? पण स्वतःला गुण आला की माणूस लगेच वैद्य होतो. एका रविवारी त्याने घरातली ज्वारी, तांदूळ, साखर, गूळ, सगळं पिशव्यांत भरून खाली वॉचमनला देऊन टाकलं. आप्पाजींना मधुमेह, म्हणजे त्यांना तर हे हवंच, असं त्याचं म्हणणं. भाकरी बंद झाली. मधुमेहाची गोळी मात्र होती तेवढीच चालू राहिली.

रोज सकाळी उपाशीपोटी साखर तपासायची. महिन्याभरात आकडे उतरले, घरात कोण कौतुक! आप्पाजींच्या हातांकडे कुणी बघेना. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटायचा, बोटं थरथरायची. सवय तुटताना असं होतंच, अभिजीत म्हणाला. भाकरी दिलीस तर तूच त्यांना मारशील, असं त्याने आईला बजावलं होतं. ती बिचारी घाबरली.

त्या मंगळवारी आप्पाजी ओट्याशी आले. माझा काठ धरून म्हणाले, "चंपा, अर्धी तरी थाप गं."

"घरात पीठ नाही," चंपाबाई म्हणाल्या. "आणि असतं तरी दिली नसती."

चाळीस वर्षांत त्या नवऱ्याशी असं बोलल्या नव्हत्या. आप्पाजी ओट्याला टेकून खालीच बसले आणि काहीबाही बरळू लागले. चंपाबाई एकेक डबा उघडत सुटल्या. अख्ख्या घरात साखरेचा कण नाही! धावत शेजारी गेल्या. अक्कांनी साखरपाणी आणलं. शुद्ध होती म्हणून घोट तरी उतरला.

दवाखान्यातून आल्यावर सगळं कळलं: जेवण बदललं, गोळी तेवढीच राहिली, म्हणून साखर फार खाली गेली होती. डॉक्टरांनी आहाराला दोष दिला नाही. जेवण बदललं तेव्हा गोळीचं का विचारलं नाही, एवढंच त्यांनी विचारलं. अभिजीतने शंभर व्हिडिओ पाहिले होते. मेल्याला तेवढं एक सुचू नये?

गोळी कमी झाली. दुपारी एक भाकरी चालेल, असं ठरलं. अभिजीतने स्वतः पीठ आणलं. चंपाबाईंनी मला घासून घेतलं, भाकरी थापली, टम्म फुगलेली आप्पाजींपुढे ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"अभीला विचारलंस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

चंपाबाई तव्याकडे तोंड करून रडल्या. मलाही ते सोसवलं नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करून जपू नका. खुशाल काकडी ठेवा. पण कुणाच्या ताटातला घास काढाल, तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. आणि ताट ज्याचं आहे, त्यालाही विचारा.