मंठाळच्या माळावरची अडतीस काळविटं

सन एक्कावन्नच्या थंडीत सरकारनं मंठाळच्या माळावरची काळविटं मोजायचं ठरवलं. पूर्वी तिथं जहागीरदाराची शिकार चाले. पुढं निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या गोंधळात ज्याच्या हाती बंदूक लागली त्यानं त्या माळावर हात साफ करून घेतला होता. त्यामुळं मोजणी फार वेळ खाणार नाही, असा माझा अंदाज होता. मी तहसिलीत कारकून. हुकूम सरळ होता : जनावरं उरली असतील तर रखवालदाराची जागा राहील, नसतील तर मोडेल.

रखवालदार म्हणजे सिद्धप्पा. वय पन्नाशीपुढचं, माळ सोडून दुसरं काही येत नव्हतं.

हैदराबादहून आलेले साहेब, सिद्धप्पा आणि मी उजाडताच पायी निघालो. एक खोकड आडवं गेलं, पायाखालून तितरं भुर्रकन उडाली. पण कागदात त्यांना रकाना नव्हता. एका बाभळीपाशी सिद्धप्पा थबकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सरकार, त्या बांधाच्या अंगाला. सात हैत. एक काळा नर, सहा माद्या."

साहेबांनी दुर्बीण लावली. बांधाच्या अंगाला नुसता बांध होता.

आता त्या माळाचा एक जुना रिवाज सांगितला पाहिजे. रखवालदारानं बोट दाखवलं की पाहुण्यानं 'दिसलं' म्हणायचं. नाही म्हटलं तर यजमानाची बेअदबी. जहागीरदार गेला, तरी साहेब जुन्या खानदानातले होते.

"हौ, सात!" ते म्हणाले. "क्या शान है. लिखो."

मी लिहिलं. मलाही दिसली होती.

दुपारपर्यंत अडतीस झाली. नाल्याच्या तोंडाशी मात्र सिद्धप्पानं आम्हाला वळवलं. "तिकडं नगा सरकार, चिखल हाय." चिखलात खुरांचे ताजे ठसे मला दिसले. खरोखरीचे.

संध्याकाळी मी त्याला गाठलं. "नाल्यात काय हाय रे?"

"तीन हैत, कारकूनसाब. हाडामासाची."

"मग ती कामून दाखवली न्हाईस?"

"कागदावर गेलं की लोकाच्या नजरंत येतंय. तुमी बी इसरा."

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सिद्धप्पाची जागा कायम. त्याखाली दुसरं कलम : जनावरं अमाप असून ज्वारीची नासाडी संभवते, तरी शिकारीचे परवाने द्यावेत.

पहिल्याच परवान्यावर शहरातले दोन गुत्तेदार जीप घेऊन आले, आणि तहसिलीतून मला बरोबर घेतलं. सिद्धप्पानं सकाळभर बोट दाखवलं. पण ही नवी माणसं. त्यांना रिवाज कुठून ठाऊक?

"कुठंय?" जाडा गुत्तेदार म्हणाला. "नुसती कुसळं दिसायलीत. अडतीस म्हणून कोणी लिवलं? सही कुणाची?"

सही माझी होती.

सिद्धप्पा पुढं झाला. "खोटं म्या सांगितलं, साब. माळावर कायबी न्हाई. माझ्या नावानं लिवून द्या वर."

म्हणजे नोकरी त्यानं तिथंच खाली ठेवली. जाडा जीपकडं वळलाही होता. पण दुसऱ्यानं खिशातनं कागद काढला आणि माझं पुरतं नाव विचारलं.

"नाल्यात बघा," मी म्हणालो.

सिद्धप्पानं माझ्याकडं पाहिलं. ओरडला नाही, शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर पुढची वर्षं मला जरा सोपी गेली असती.

तीन बार झाले. नेम मात्र त्यांचा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर लिहून कळवलं : अडतीसपैकी तीन मारली, बाकी पस्तीस. दुसरं काही लिहिता येत नव्हतं. सिद्धप्पा दाराशी उभा होता.

"किती लिवलं?"

"पस्तीस. तुझी जागा ऱ्हायली, सिद्धप्पा."

"बरं," तो म्हणाला, आणि काठी उचलून पस्तीस काळविटांची राखण करायला माळाकडं गेला.