तेवीस तारखेचं फूल

कॅलेंडरच्या छापखान्यात सप्टेंबरचं पान नेहमी सगळ्यात शेवटी निघायचं, कारण मालकांचं समाधानच होत नसे. वर महिन्याचं रत्न म्हणून नीलम, कडेने महिन्याचं फूल म्हणून अ‍ॅस्टर आणि तेवीस तारखेच्या चौकटीत ‘दिवस-रात्र समान’. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात गेली एकतीस वर्षं मालक एक चिमुकलं जांभळं फूल स्वतः बसवत. तो बायकोचा वाढदिवस. गिऱ्हाइकांना वाटे, शोभेसाठी आहे.

यंदा मालकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून पान सुनेने लावलं. सून भलतीच चौकस. सासूबाईंच्या विम्याचा फॉर्म भरताना तिला जन्मतारीख दिसली, तीन सप्टेंबर. झालं! फूल उचललं आणि तीनवर नेऊन ठेवलं.

“आई, बाबा इतकी वर्षं चुकीचंच छापत होते की हो! मी दुरुस्त केलं.”

बाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. चूक त्यांची स्वतःची होती. लग्नाआधी, एका चार सप्टेंबरला, हा लाजरा तरुण कॅलेंडरचा नमुना घेऊन त्यांच्या वडिलांच्या दुकानात आला होता. जाता जाता त्याने वाढदिवस विचारला. तो तर कालच उरकलेला! तसं सांगितलं तर हा पुन्हा कशाला येतोय? समोरच्या कॅलेंडरात नजर ‘दिवस-रात्र समान’वर पडली आणि तोंडातून निघून गेलं, “तेवीस.” तेवीसला स्वारी अ‍ॅस्टरचा गुच्छ घेऊन हजर. मग खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच. माहेरच्यांना तंबी दिली, घरचे कागद स्वतःच्या कपाटात ठेवले आणि दरवर्षी चुकीच्या दिवशी साळसूदपणे केक खाल्ला. नवरा मात्र असा, की एक तारीख चुकली तर अख्खा गठ्ठा रद्दीत घालेल.

तेवढ्यात काळा चष्मा लावून मालक आत आले. भिंग पानावरून फिरत तेवीसवर थांबलं.

“इथलं फूल कुणी काढलं?”

सुनेचा चेहरा पडला. तिच्या माथी मारलं असतं तर सहज खपलं असतं. पण बाईंना ते करवेना.

“तिचं बरोबर आहे. माझा वाढदिवस तीनला असतो. तुम्ही परत यावं म्हणून मी खोटं बोलले होते.”

मालकांनी भिंग खाली ठेवलं.

“म्हणजे मी विचारलं त्याच्या आदल्याच दिवशी?”

“हो.”

“अगं, ‘कालच झाला’ म्हणाली असतीस, तर मी दुसऱ्याच दिवशी फुलं घेऊन आलो असतो! नुसतं निमित्त हवं होतं. तू तेवीस म्हणालीस आणि मी घरात येरझाऱ्या घालत बसलो.”

“मग यायचं की तसंच!”

“बिनकामाचा कसा येणार? अठरा दिवस वाया घालवलेस माझे!”

एवढं बोलून त्यांनी तिचा हात धरला तो सोडेचनात. सून प्रूफ उचलून हळूच बाहेर गेली.