पाकदे वागिरान यांचं रक्त

जोग्याकार्ताच्या त्या प्रयोगशाळेत मलेरियाचे जंतू पाळले होते, आणि त्यांना खायला माणसाचंच रक्त लागायचं. ते द्यायचे तिथले वयस्क ड्रायव्हर वागिरान; सगळे त्यांना पाकदे, म्हणजे मोठे काका, म्हणत. दुसऱ्या कुणाच्या रक्तावर जंतू रडतखडत वाढायचे, पाकदेंच्या रक्तावर नुसते माजायचे. "डासांनासुद्धा मीच आवडतो," असं ते छाती फुगवून सांगत.

तिथे संशोधन करणाऱ्या लारासचा सगळा जीव त्या जंतूंत अडकला होता. जंतू एकाच पेशीचा. पण एकाचे अनेक व्हायची वेळ आली, की त्याची जनुकं ठरल्या क्रमाने जागी होतात. कोणतं कधी उठतं, ते तिला टिपायचं होतं. प्रयोगाच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली, आता एकच खेप उरली होती.

नवल असं, की दोन्ही वेळा पहिली पिढी छान फुटली, पिल्लं झाली, आणि पिल्लं मात्र पटापट मेली. आपल्याच हाताला यश नाही, असं लारासने मनाशी धरलं. मग दुसऱ्या खेपेचे निकाल आले. बाकीची जनुकं वेळेवर उठलेली. पेशीत एक इवलीशी पिशवी असते, तिची स्वतःची जनुकं तेवढी गप्प. त्या पिशवीवर घाव घालणारं एक साधं औषध आहे, जखम चिघळली की कुठल्याही दवाखान्यात देतात. ते आईला सोडतं, लेकरांना मारतं.

तिच्या मार्गदर्शक बू एन्दाह, म्हणजे एन्दाहबाई, यांनी निकाल पाहिले. "रक्त घेण्याआधी पाकदेंना विचारलं होतंस, औषध चालू आहे का म्हणून?"

"वडीलधाऱ्या माणसाला असं कसं विचारायचं, बू? त्यांना वाटेल, पोरगी संशय घेतेय."

"मग बस जंतूंचं सुतक पाळत. आज विचार."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. दुपारी पाकदे बाही वर करूनच आले. "चल न्दुक, माझ्या पोरी, टोच. या खेपेला दोन बाटल्या घे."

लारासच्या हातात सुई तशीच राहिली. "पाकदे, रागावू नका. काही गोळ्याबिळ्या चालू आहेत का?"

पाकदेंनी खिडकीबाहेर पाहिलं. "पाय चिघळलाय. शेतात कोयता लागला. डॉक्टर बदलून बदलून कॅप्सूल देतायत. संपता संपत नाहीत."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस? म्हटलं, आपल्यापायी पोरीचं अडायला नको." मग हळूच विचारलं, "म्हणजे ते... माझ्यामुळे मेले?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. जन्मभर तिला तेच शिकवलं होतं.

"हो, पाकदे," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

पाकदेंनी बाही खाली केली, बटण लावायला फार वेळ घेतला. मग लंगडत बाहेर गेले. लारासला वाटलं, दुखावले, आता परत यायचे नाहीत.

जरा वेळाने जिन्यात त्यांचाच आवाज आला. ऑफिसातल्या कारकुनाला दंडाला धरून आणत होते, आणि दारातच त्याला दरडावत होते, "औषधबिषध घेतोस का रे? खरं बोल, लाजू नकोस. पोरीच्या लेकरांचा जीव जातो!"