अकरावा पत्ता

शुक्रवार हा निधीच्या तीन महिन्यांच्या उमेदवारीचा शेवटचा दिवस होता. राजापेठेतल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक केदार सर यांची अट एकच होती: गिऱ्हाईक अब्दुल गफ्फार यांनी तिच्या अहवालावर सही केली, तर नोकरी पक्की.

गफ्फारभाई चांदूर बाजारचे संत्र्याचे व्यापारी. या कंपनीने बनवून दिलेले आपले सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या कोणकोणत्या सेवा वापरते, याची यादी त्यांना अहवालात हवी होती. कोडमध्ये सेवांची नावे नव्हती, नुसते पत्ते होते, सगळे नीलमेघ या इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे. निधीने छोटा प्रोग्रॅम लिहिला: पत्ता टिंबांवर तोडायचा, पहिला तुकडा म्हणजे सेवेचे नाव. ‘निरोप.नीलमेघ’मधून ‘निरोप’ आले, ‘नकाशा.नीलमेघ’मधून ‘नकाशा’. दहा पत्ते बरोबर निघाले. अकरावा तिने तपासलाच नाही.

गफ्फारभाईंनी तो मोठ्याने वाचला. “सेवेचे नाव: गफ्फार. बेटी, मी कवापासून इंटरनेट चालवून राहिलो?”

पत्ता होता ‘गफ्फार.डबा.अकोला.नीलमेघ’. फायली साठवणारी ‘डबा’ ही सेवा आपल्या नावाआधी गिऱ्हाइकाचे नाव लावत होती आणि नंतर फायली ठेवलेले गाव.

“एक मिनिट, भाई.” निधीने प्रोग्रॅमला शेवटून दुसरा तुकडा घ्यायला लावला. उत्तर आले: अकोला.

गफ्फारभाई खुर्चीतून ताडकन उठले. “माह्या फायली अकोल्याले? तिथं माहा साडू राहते!”

“निधी, काहून छळून राहिली त्यायले?” केदार सर म्हणाले.

“सर, आता पुढून दुसरा घेऊन पाहते...”

“मोजनं बंद कर,” गफ्फारभाई म्हणाले. “पेटीवर कोनी आधी नाव लिवते, कोनी आधी गाव. माहा हमाल मोजत बसते का? मालाची नावं पाठ हायेत त्याले. तेच हुडकते.”

निधीने नीलमेघच्या सगळ्या सेवांची यादी प्रोग्रॅमला दिली. पत्त्यातला जो तुकडा यादीत सापडेल, ते नाव. ‘डबा’ आला. बाकीचे दहाही जागेवर राहिले.

गफ्फारभाईंचे समाधान होईना. त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि एका बोटाने लिहिले: ‘साडू.अकोला.नीलमेघ’.

उत्तर आले: ‘माहीत नाही.’

“हे कोनी लिवलं?”

“मीच. यादीत नसलं तर काय सांगनार, भाई?”

“तीस वर्सं झाली धंद्यात. ‘माहीत नाही’ असं सरळ कोनी बोललं नाही आजवर.” त्यांनी खिशातला पेन काढून सही केली. सहीखाली एक ओळही लिहिली: ‘फायली अकोल्याहून हलवाव्यात.’